माणसांत घडलेला मेंदू

मादागास्कर बेटाच्या दक्षिणेला मांद्रारे नावाची नदी आहे. तिच्या काठावर, काटेरी रखरखीत प्रदेशाच्या मधोमध, चिंचेच्या मोठमोठ्या झाडांचे बेरेंटीचे जंगल उभे आहे. १९६३ साली अ‍ॅलिसन जॉली या तरुण अमेरिकन संशोधिका तिथे राहायला आल्या आणि लेमूरांच्या टोळ्यांमागे पायी हिंडू लागल्या. लेमूर हे नरवानर कुळातले आपले फार दूरचे नातेवाईक. माकडे आणि वानर यांची शाखा वेगळी होण्याच्या आधीच त्यांची वाट निराळी झाली.

जॉली यांनी लेमूरांचे हात आणि त्यांची वस्तू हाताळण्याची रीत आधी पिंजऱ्यात अभ्यासली होती. त्या कसोटीवर लेमूर माकडांपेक्षा बरेच मंद. नव्या वस्तूचे कुतूहल कमी आणि ती उघडून, उलटून पाहण्याची हौसही कमी. बेरेंटीत मात्र दिसले ते वेगळेच. वळेदार शेपटीचे लेमूर टोळीने राहत होते आणि टोळीतला प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखत होता. कोणापुढे सरायचे आणि कोणाला वाट द्यायची, हे ठरलेले होते. माद्यांचा शब्द चालत होता, नरांना मागे हटावे लागत होते. एकमेकांचे अंग साफ करणे, पिल्लांभोवती गोळा होणे, भांडणे, शेजारच्या टोळीला हुसकावणे, सगळा संसार माकडांच्या संसारासारखाच होता.

१९६६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जॉली यांनी यावर एक छोटा निबंध लिहिला. माकडासारखी बुद्धी नसतानाही माकडासारखे समाजजीवन जगता येत असेल, तर समाज आधी आला आणि बुद्धी मागून आली, असे मानायला जागा आहे. एकमेकांत राहणे हीच बुद्धी वाढण्याची पूर्वअट असावी. निबंधाची त्या वेळी फारशी चर्चा झाली नाही. मानवी बुद्धीच्या उगमाचा विचार पुढच्या चाळीस वर्षांत ज्या वाटेने गेला, तिची सुरुवात मात्र या चिंचेच्या बनात झाली होती.

माणसाची बुद्धी कशाने वाढली, याचे त्या काळात सर्वमान्य असलेले उत्तर होते हत्यार. १९४९ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे केनेथ ओकली यांनी ‘मॅन द टूल-मेकर’ हे पुस्तक लिहिले आणि माणसाची ओळखच त्या शब्दांत बांधली गेली. हात मोकळे झाले, हातात दगड आला, दगडाला धार आली आणि धार लावता लावता मेंदू वाढला, अशी ही साखळी. १९६४ मध्ये लुई लीकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओल्डुवायच्या घळीत सापडलेल्या अवशेषांना ‘होमो हॅबिलिस’ म्हणजे हातांचा कुशल माणूस असे नाव दिले, तेही याच विचारातून.

पण या साखळीत दोन कच्च्या कड्या होत्या. १९६० मध्ये जेन गुडॉल यांनी गोंबेच्या जंगलात एका चिंपांझीला गवताची काडी वारुळात घालून वाळवी बाहेर काढताना पाहिले. तो काडीची पाने सोलून ती नीटही करत होता. माणसाखेरीज कोणी हत्यार बनवत नाही, हा समज तिथे संपला.

दुसरी कडी दगडांचीच. सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत बदामी आकाराची दुधारी हातकुऱ्हाड घडवली जाऊ लागली. ओल्डुवायमध्ये ती मिळते आणि आपल्याकडे नेवाशाजवळ चिर्की येथेही मिळते. चिर्कीत गुद्रुन कॉर्विनस यांनी १९६० च्या दशकात प्रवरेच्या काठी उत्खनन केले. या हातकुऱ्हाडीचा मूळ घाट दहा लाखांहून अधिक वर्षे जवळजवळ तसाच राहिला. त्याच काळात मेंदू मात्र वाढत होता. लाखो वर्षे हत्यार फारसे बदलत नव्हते आणि डोके मोठे होत होते, तर त्या वाढत्या डोक्याला दुसरे कोणते काम होते, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न नेमका पकडला निकोलस हम्फ्री यांनी. केंब्रिजमध्ये ते माकडांच्या दृष्टीवर संशोधन करत. प्रयोगशाळेतली माकडे उघड्याबोडक्या पिंजऱ्यात राहत. त्यांना हाताळायला वस्तू नव्हत्या, सोडवायला अडचणी नव्हत्या. तरी ती मठ्ठ होत नव्हती. एकमेकांची संगत हीच त्यांना मिळत असलेली एकमेव शिदोरी होती. १९७१ मध्ये हम्फ्री रवांडात डायन फॉसी यांच्या कॅरिसोके तळावर गेले आणि त्यांनी पर्वतीय गोरिलांबरोबर काही महिने काढले. गोरिलांचे अन्न चहूकडे उगवलेले, शत्रू थोडे. खावे, विसावा घ्यावा, झोपावे, असा दिवस. वरवर पाहता या आयुष्याला मोठ्या मेंदूची गरजच दिसत नव्हती.

निसर्ग गरजेपेक्षा जास्त खर्च करत नाही, हे हम्फ्री यांचे गृहीतक होते. ते पटवायला त्यांनी हेन्री फोर्डची एक प्रसिद्ध गोष्ट वापरली. भंगारात गेलेल्या मोटारींचा कोणता भाग कधीच निकामी होत नाही, याची फोर्डने चौकशी करवली आणि तो भाग यापुढे हलक्या दर्जाचा बनवा, असे फर्मावले. गोरिलाचा मेंदू अजून टिकून आहे, त्या अर्थी त्याला काम असलेच पाहिजे. हम्फ्री यांना ते काम गोरिलांच्या घरातच दिसले. कोण कोणाच्या बाजूचा, कोण रागावलेला, कोणाशी जुळवून घ्यावे लागणार, याचा हिशेब त्या शांत दिसणाऱ्या कुटुंबात अखंड चालू होता. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द सोशल फंक्शन ऑफ इंटलेक्ट’ या निबंधात त्यांनी रॉबिन्सन क्रुसोचे उदाहरण घेतले. निर्जन बेटावर एकट्याने जगणे कठीण खरे, पण क्रुसोच्या अकलेची खरी कसोटी लागते ती फ्रायडे आल्यावर. दगड, झाड, पाऊस यांचे नियम एकदा कळले की कळले. समोरचा जीव मात्र आपल्या चालीवर आपली चाल बदलतो.

मोठ्या एकत्र कुटुंबात नव्याने आलेल्या सुनेला हे सांगावे लागत नाही. चूल कशी पेटते हे ती दोन दिवसांत शिकते. सासूसमोर थोरल्या जावेची बाजू घ्यावी की गप्प राहावे, हे कळायला वर्षे जातात आणि तोवर नाती पुन्हा हललेली असतात.

हम्फ्री यांचा निबंध म्हणजे एक तर्क होता. पुरावा जमवला तो उन्हातान्हात बसून माकडे पाहणाऱ्यांनी. केनियातल्या अंबोसेलीच्या माळावर डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ हे जोडपे १९७७ पासून वेर्व्हेट माकडांचा अभ्यास करत होते. झुडपांत ध्वनिवर्धक लपवून त्यांनी एका पिल्लाची ध्वनिमुद्रित किंकाळी माद्यांच्या घोळक्याला ऐकवली. पिल्लाची आई ध्वनिवर्धकाकडे पाहू लागली, यात नवल नव्हते. बाकीच्या माद्या मात्र त्या आईकडे पाहू लागल्या. हे पिल्लू कोणाचे, हे त्यांना ठाऊक होते. दुसऱ्या दोघांमधले नाते ओळखणे ही साधी गोष्ट नव्हे. त्यासाठी डोक्यात सगळ्या टोळीचा नकाशा लागतो.

त्याच सुमारास हॉलंडमधल्या आर्नेमच्या प्राणिसंग्रहालयात एका बेटावर चिंपांझींची वसाहत होती. फ्रान्स डी वाल १९७५ पासून तिच्या नोंदी ठेवू लागले. येरून हा तिथला म्होरक्या. लाउट या दुसऱ्या नराने त्याला खाली खेचले. पदच्युत येरून एकट्याने लढू शकत नव्हता, म्हणून त्याने तरुण निक्कीला हाताशी धरले आणि लाउटचे राज्य घालवले. म्होरक्या निक्की झाला, पण त्याचे आसन येरूनच्या पाठिंब्यावर टेकलेले होते आणि त्याची किंमत येरून वसूल करत राहिला. १९८० मध्ये या दोघांची फाटाफूट झाली, लाउट थोडे आठवडे पुन्हा वर आला आणि एका रात्री येरून आणि निक्की यांनी पुन्हा एकत्र येऊन त्याला इतके जखमी केले की उपचार करूनही तो वाचला नाही. डी वाल यांच्या १९८२ च्या पुस्तकाचे नाव होते ‘चिंपांझी पॉलिटिक्स’. सत्ता ताकदीपेक्षा युतीवर उभी असते, हे त्यात पानोपानी दिसत होते.

पण डी वाल यांनी आणखी एक गोष्ट टिपली आणि माझ्या मते ती अधिक मोलाची आहे. भांडण झाले की थोड्याच वेळात दोन्ही प्रतिस्पर्धी एकमेकांकडे येत, हात पुढे करत, मुका घेत, अंग साफ करू लागत. कधी एखादी वयस्कर मादी मध्ये पडून दोघांना जवळ आणी. ज्याच्याशी लढलो त्याच्याच सोबत उद्याही राहायचे आहे, याची जाण त्या वागण्यात होती.

फसवणुकीच्या नोंदीही जमत होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या ड्राकेन्सबर्ग डोंगरात रिचर्ड बर्न आणि अँड्र्यू व्हाइटन हे ब्रिटिश संशोधक बबून पाहत होते. एक मादी कठीण जमिनीतून कंद उपसत होती. एका पोराने आजूबाजूला पाहिले, कोणी दिसत नाही याची खात्री केली आणि मारल्यासारखी किंकाळी फोडली. त्याची आई धावत आली, तिने त्या मादीला पिटाळून लावले आणि पोराने निवांत कंद खाल्ला. अशा कितीतरी नोंदी गोळा करून दोघांनी १९८८ मध्ये ‘मॅकियाव्हेलियन इंटेलिजन्स’ हे पुस्तक संपादित केले. बुद्धी म्हणजे डावपेच, हा विचार या नावाबरोबर सर्वत्र पोहोचला.

या सगळ्याला आकड्यांची बैठक दिली रॉबिन डनबार यांनी. इथिओपियाच्या पर्वतात गेलाडा माकडांचा अभ्यास केलेल्या डनबार यांनी १९९२ मध्ये नरवानरांच्या अनेक प्रकारांची माहिती एकत्र मांडली. मेंदूचे बाहेरचे, विचाराचे आवरण म्हणजे निओकॉर्टेक्स. उरलेल्या मेंदूच्या मानाने ते जितके मोठे, तितकी टोळी मोठी, असा संबंध त्यांना दिसला. यामागचे गणित समजण्याजोगे आहे. ५ जणांच्या टोळीत १० जोड्या होतात, ५० जणांच्या टोळीत १,२२५. प्रत्येक जोडीत मैत्री, वैर, उपकार, जुनी भांडणे. टोळी थोडी वाढली तरी लक्षात ठेवायच्या नात्यांची संख्या झपाट्याने फुगते.

हेच सूत्र माणसाला लावून डनबार यांनी सुमारे १५० हा आकडा काढला. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. माकडे एकमेकांच्या उवा वेचून, केस विंचरून नाती सांभाळतात. काही जाती दिवसाचा पाचवा हिस्सा त्यात घालवतात. दीडशे जणांशी असे जिव्हाळ्याचे राहायचे तर माणसाला अन्न शोधायला वेळच उरला नसता. बोटांनी एका वेळी एकालाच कुरवाळता येते, गप्पांनी तीन-चार जणांना. म्हणून भाषेचे मूळ गप्पांत, एकमेकांच्या विचारपुशीत असावे, असे डनबार यांनी सुचवले.

हा आकडा आज जितक्या खात्रीने सांगितला जातो, तितका तो पक्का नाही. २०२१ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी तीच गणिते नव्या माहितीवर आणि वेगवेगळ्या पद्धतींनी केली, तेव्हा उत्तरे इतकी पसरट आली की माणसाच्या मेंदूवरून एकच आकडा काढता येणार नाही, असे त्यांनी म्हटले. त्याआधी २०१७ मध्ये अलेक्स डीकेसियन आणि सहकाऱ्यांनी १४० हून अधिक नरवानर जातींची तुलना केली होती. त्यात मेंदूच्या आकाराचा मेळ टोळीच्या आकारापेक्षा आहाराशी अधिक जुळला. पाने खाणाऱ्यांपेक्षा फळे खाणाऱ्यांचा मेंदू मोठा. ओरांगउटान बहुतांश एकटा राहतो, तरी तो अतिशय बुद्धिमान आहे, ही अडचणही जुनीच.

आहाराचे म्हणणे हलके नाही. आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के आहे, पण विसावलेल्या शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तो खातो. वाढत्या मुलात हा वाटा याहून कितीतरी मोठा असतो. आपले दूरचे पूर्वज मानल्या जाणाऱ्या ऑस्ट्रेलोपिथेकसांचा मेंदू साधारण ४५० घनसेंटिमीटरचा, आपला सुमारे १,३५०. एवढी वाढ पोसायला कंद, मांस, पुढे विस्तवावर शिजवलेले अन्न लागलेच असणार. पण अन्न मेंदूची वाढ परवडू देते, ती वाढ कशासाठी वापरली गेली हे अन्न सांगत नाही. शिवाय माणसाच्या बाबतीत हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत, कारण माणसाचे अन्न कधीच एकट्याचे नव्हते.

जॉर्जियातल्या द्मानिसी येथे, मध्ययुगीन नगराच्या अवशेषांखाली, सुमारे १७.७ लाख वर्षांपूर्वीच्या मानवांच्या कवट्या सापडल्या. त्यांतल्या एका वृद्धाच्या जबड्यात एकच दात उरला होता. बाकीच्या दातांच्या खोबणी हाडाने भरून आल्या होत्या. म्हणजे दात गेल्यावरही तो बराच काळ जगला. त्याला इतरांनी भरवले असेल की मऊ अन्न त्याने स्वतः मिळवले असेल, यावर मतभेद आहेत. इराकच्या शानिदार गुहेतल्या निअँडरथलबद्दल शंका कमी आहे. १९५७ मध्ये राल्फ सोलेकी यांना मिळालेल्या या माणसाचा उजवा हात निकामी होता आणि डाव्या डोळ्याच्या बाजूला जुना जबर घाव होता. असा माणूस हिमयुगात या जखमा भरून आल्यावर कितीतरी वर्षे जगला. आधाराशिवाय हे घडत नाही.

या आधाराची गोष्ट पुढे नेली सारा ब्लॅफर हर्डी यांनी. १९७० च्या दशकात अबूच्या पहाडावर त्यांनी आपल्याकडच्या हनुमान लंगूरांचा अभ्यास केला. नवा नर टोळी बळकावतो तेव्हा तो आधीची पिल्ले मारतो आणि माद्या एकजुटीने त्याला तोंड देतात, हे त्यांनी जगापुढे मांडले. लंगूर माद्या एकमेकींची पिल्ले घेतात, सांभाळतात. चिंपांझीची आई मात्र पहिले कित्येक महिने पिल्लू कोणाच्या हाती देत नाही. माणसाची आई पहिल्या दिवसापासून देते. २००९ च्या ‘मदर्स अँड अदर्स’ या पुस्तकात हर्डी यांनी यावर आपला सिद्धांत उभा केला. मानवी मूल फार परावलंबी जन्मते. जन्मताना त्याचा मेंदू प्रौढ मेंदूच्या एक तृतीयांशही नसतो आणि ते स्वतःचे पोट भरायला वर्षानुवर्षे घेते. एकटी आई ते वाढवू शकत नाही. आजी, मावशी, थोरली बहीण, बाप, शेजारीण यांची गरज लागते. अशा वेळी जे मूल दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचा भाव ओळखते, हसून बघते, माया जिंकते, ते तगते. मन वाचण्याची आपली शक्ती लढाईच्या आधी मांडीवर वाढली, असे त्या म्हणतात.

टांझानियातल्या हाडझा लोकांत क्रिस्टन हॉक्स यांना ऐंशीच्या दशकात हेच वेगळ्या बाजूने दिसले. मूल होण्याचे वय उलटून गेलेल्या बायका खडकाळ जमिनीत तासन्तास कंद खणत होत्या. तान्ह्या बाळात अडकलेल्या लेकीच्या थोरल्या मुलांचे पोट आजीच्या खणतीवर चालत होते. विटाळ गेल्यावरही बाई पुढे अनेक वर्षे जगते, हे नरवानरांत आगळे आहे. त्याचे एक कारण नातवंडांच्या ताटात असावे.

२००७ मध्ये लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या एस्थर हेरमान, मायकेल टोमासेलो आणि सहकाऱ्यांनी अडीच वर्षांची १०५ मुले, १०६ चिंपांझी आणि ३२ ओरांगउटान यांना एकाच प्रकारच्या कसोट्या दिल्या. वस्तू कुठे लपवली, कोणत्या ढिगात जास्त आहे, काठीचा उपयोग काय, यांत मुले आणि चिंपांझी जवळजवळ बरोबरीत राहिले. दुसऱ्याने केलेले पाहून शिकणे, त्याची खूण समजणे, त्याच्या मनात काय आहे ते ओळखणे, यांत मुले कितीतरी पुढे होती. नळीतला खाऊ कसा काढायचा हे दाखवल्यावर मुलांनी तसेच केले. वानर नळी फोडू पाहत होते, दातांनी खेचत होते. म्हणजे अडीच वर्षांच्या वयात आपण एकटे फार हुशार नसतो. आपण शिकवून घ्यायला तयार असतो आणि पुढचे सगळे त्यातून येते.

जॉली यांच्यापासून इथवर या विचाराने दोन वळणे घेतली. आधी हत्यार घडवणारा माणूस मागे पडला आणि डाव टाकणारा माणूस पुढे आला. मग डाव टाकणाऱ्याच्या मागे त्याला भरवणारे, सांभाळणारे, शिकवणारे हात दिसले. माझ्या मते हे दुसरे वळण अधिक खोल आहे. फसवणूक आणि स्पर्धेने बुद्धीला धार आली असेल, पण ज्या डोक्याला वाढायलाच पंधरा-वीस वर्षे लागतात ते डोके विश्वासाच्या आणि सहकाराच्या समाजाशिवाय जन्मालाच येऊ शकले नसते. उवा वेचणारी बोटे, भांडण मिटवणारी वयस्कर चिंपांझी मादी, कंद खणणारी आजी यांना मानवी बुद्धीच्या इतिहासात हातकुऱ्हाडीइतकेच मानाचे स्थान मिळायला हवे.

असे हात मिळाले नाहीत तर काय किंमत मोजावी लागते, हे रुमेनियात कळले. चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली आणि नको असलेल्या मुलांनी सरकारी अनाथगृहे भरून गेली. १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा एक लाखाहून अधिक मुले अशा संस्थांत होती. तिथे त्यांना खायला मिळे आणि निवारा मिळे. उचलून घेणारे, बोलणारे, डोळ्यांत पाहणारे ठरावीक माणूस मात्र नव्हते. २००० नंतर चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झिआना यांनी बुखारेस्टच्या संस्थांतल्या १३६ मुलांचा अभ्यास केला. त्यांतली निम्मी मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून पालक कुटुंबांत ठेवली गेली. संस्थेतच राहिलेल्या मुलांची बुद्धी लक्षणीय मागे राहिली. कुटुंबात गेलेल्यांची सुधारली आणि जितक्या लवकर गेली, तितकी अधिक. दोन वर्षांच्या आत घरी आलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला.

लक्षावधी वर्षांच्या उत्क्रांतीने घडवलेला मेंदू प्रत्येक मुलात पुन्हा नव्याने, माणसांच्या हाती घडावा लागतो, असा या निष्कर्षांचा अर्थ आहे. म्हणून अंगणवाडीतल्या सेविकेचे काम, पाळणाघरात एका बाईकडे किती मुले असावीत हा नियम, बाळंतिणीला मिळणारी रजा, आजी-आजोबांपासून तुटलेल्या शहरी घराला लाभणारा शेजार, या केवळ कल्याणाच्या किंवा सोयीच्या बाबी नाहीत. माणसाची बुद्धी जिथे खरोखर तयार होते त्या जागा या आहेत. शाळेची इमारत आणि मोबाइलचा पडदा यांवर आपण जितका खर्च करतो, तितकाच या हातांवर केला पाहिजे.